आडव्या माणसाचं वजन शाईत कसं उतरवायचं

जेवणं होतात, टीव्हीचा आवाज कमी होतो, की आमचे बाबा हॉलमध्ये सतरंजी अंथरतात आणि डाव्या कुशीवर होतात. अडीच ते सव्वातीन. त्या पाऊण तासात घरात कुणी मिक्सर लावत नाही. मी मात्र बोर्ड, शाई आणि ब्रश घेऊन त्यांच्यापासून आठ फुटांवर बसते. कळव्यातल्या आमच्या वन-बीएचकेत बाबांची वामकुक्षी हाच माझा लाइफ क्लास, म्हणजे जिवंत माणूस समोर ठेवून चित्र काढायचा वर्ग, आहे.

पहिली तीस-चाळीस चित्रं एकाच कारणाने फसली. नाक, कान, बनियनच्या चुण्या सगळं जागच्या जागी असायचं, पण बाबा सतरंजीच्या चार इंच वर तरंगत असायचे. जादूच्या प्रयोगात बाईला आडवी उचलतात ना, तसे. मी डोक्यापासून सुरुवात करून शरीराची बाहेरची रेषा सगळीकडे सारख्याच जाडीने ओढत होते, हे कळायला बराच काळ गेला. उभा माणूस दोन तळव्यांवर उभा असतो. आडवा माणूस ठिकठिकाणी टेकलेला असतो, आणि मधे मधे नसतो. कुठे टेकलाय आणि कुठे नाही, एवढं बरोबर आलं तर चेहरा काढला नाही तरी चालतं. खालचं सगळं त्यासाठीच आहे.

शाई, कागद आणि एक बटाटा

दुकानात नुसतं 'काळी शाई द्या' म्हणालात तर फाउंटन पेनची शाई हातात पडते. कॅमलिनच्या दांडेकरांनी १९३१ साली घोडा छाप शाईच्या पुड्या आणि गोळ्या विकायला काढल्या, तेव्हापासून मराठी घरात शाई म्हणजे लिहायची शाई. ती रंग पाण्यात विरघळवून केलेली असते. वरून ओला ब्रश फिरला की पसरते आणि उन्हात फिकी पडते. आपल्याला हवी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक, म्हणजेच इंडियन इंक. तिच्यात काजळीचे बारीक कण असतात आणि ते कागदाला चिकटावेत म्हणून बहुतेक वेळा शेलॅक, म्हणजे लाख. एकदा सुकली की वरून पाणी फिरवलं तरी हलत नाही. ही शाई फाउंटन पेनमध्ये मात्र चुकूनही भरू नका. लाख आत सुकली की पेन कायमचं बसतं. मी एक चांगलं पेन असंच घालवलंय.

हत्यारं तीन पुरतात. सहा किंवा आठ नंबरचा गोल ब्रश, टोक नीट जुळणारा. एक टाक आणि दोन निबा. आणि जमलं तर बोरू, म्हणजे पोकळ काडी तासून केलेली लेखणी. नव्या निबेवर गंज लागू नये म्हणून तेलाचा हात असतो, त्यामुळे शाई तिच्यावर थेंबाथेंबाने गोळा होते आणि मग भसकन सुटते. निब कच्च्या बटाट्यात दोन-चारदा खुपसा, पुसा, काम होतं. बोरूबद्दल माझं मत जरा पक्षपाती आहे. तो लवकर कोरडा पडतो, रेष ओढता ओढता खरखरीत, तुटक होत जाते, आणि पाठीचा, पोटाचा मऊपणा दाखवायला तशी रेष निबेला सात जन्मांत जमत नाही. डच चित्रकार रेम्ब्रांटने बोरूसारखीच काडीची लेखणी भरपूर वापरली.

कागद कार्ट्रिज चालेल, पण १५० जीएसएमच्या (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) खाली नको. वॉश, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या शाईचा हात, देणार असाल तर २०० च्या पुढे जा. आकार ए-थ्री. लहान कागदावर मनगट आखडतं आणि आडवं शरीर पेन्सिलीच्या डबीसारखं दिसायला लागतं. हातकागद सुंदर असतो, पण काहींत खळ कमी असते आणि शाई फुटते. घेण्याआधी कोपऱ्यावर थेंब टाकून दहा सेकंद बघा. थेंबाच्या कडेला केस फुटले तर तो कागद पत्रिकांसाठी ठेवा.

कोणाचं चित्र काढायचं

घरातल्या माणसाचं, आणि विचारून. 'तुम्ही झोपलात की काढीन, चालेल ना?' एवढं आधी विचारलेलं असलं की पुढे दोघांनाही मोकळं वाटतं. बाबांनी पहिल्यांदा एकच अट घातली होती, पोट कमी दाखवायची. ती मी पाळलेली नाही.

मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टसारख्या, १८५७ पासून चालत आलेल्या संस्थेत लाइफ क्लासला मोबदला घेऊन बसणारी मॉडेल्स असतात, तिथे विवस्त्र अभ्यासही होतो. घरी त्याची गरज नाही. हाफ पँट आणि बनियन यांत हातपाय, मान, खांदे पुरेसे दिसतात. लुंगीही चांगली, कारण सुती कापड अंगावरून जमिनीकडे ओघळतं आणि ओढ कुठे आहे ते चुण्या आपणच सांगतात. अंगभर चादर ओढलेली असेल तर सुरुवातीला नको.

ठाण्याच्या तलावपाळीच्या बाकांवर, लोकलच्या डब्यात, फलाटावर झोपलेली माणसं खूप दिसतात आणि हात शिवशिवतो. मी तिथे फक्त ठेवण टिपते: खांद्याचा कोन, दुमडलेला गुडघा, उशाला घेतलेली बॅग. चेहरा नाही. झोपलेल्या बाईचं चित्र तिला न विचारता काढायचंच नाही. आणि तिथे काढलेलं काही फेसबुकवर टाकायचं नाही.

आधी स्वतः लोळून बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. गादीवर नको, फरशीवर चटई टाकून शवासनात पडा. घंटाळीच्या योगवर्गाला गेलेल्या ठाणेकरांना शवासन वेगळं सांगायला नको. आता डोळे मिटून मोजा, काय काय टेकतंय: डोक्याची मागची बाजू, दोन्ही खांद्यांची पाती, कोपरं, नितंब, पोटऱ्या, टाचा. मग हात घालून बघा, कुठे पोकळी आहे: मानेखाली, कमरेखाली, गुडघ्यांच्या मागे, टाचेच्या जरा वर. माझ्या कमरेखाली अख्खा तळहात जातो, बाबांच्या जात नाही. पावलं सैल सोडली की बाहेरच्या बाजूला पडतात, सरळ वर उभी राहत नाहीत. नवशिक्यांच्या चित्रात ती हमखास सैनिकासारखी उभी असतात.

मग डाव्या कुशीवर व्हा. आता टेकतोय तो कान, खांदा, फासळ्यांची बाजू, कुल्ह्याचं हाड, गुडघ्याची बाहेरची बाजू, घोटा. कंबर मधे खाली झुकते. पाठीचा कणा सरळ रेषेत राहत नाही, जमिनीकडे थोडा लोंबतो. कुल्हे रुंद असले तर हा झोक जास्त, खांदे रुंद असले तर वेगळा. मऊ गादीवर खांदा आणि कुल्हा आत रुततात आणि झोक भरून निघतो. म्हणून शिकताना गादी नको, सतरंजीच बरी.

तिसरी ठेवण अनंतशयनाची. शेषशायी विष्णूसारखं कोपर टेकवून तळहातावर डोकं पेलायचं. दिसायला भारदस्त, पण खांदा कानापर्यंत चढतो आणि पाच-सात मिनिटांत हाताला मुंग्या येतात. जागं मॉडेल असेल तेव्हाच, आणि पाच मिनिटांपेक्षा जास्त नको.

डोंगरावर हात बसवणं

कुशीवरच्या माणसाची वरची कड म्हणजे खांद्याचं शिखर, कमरेची खिंड, कुल्ह्याचं दुसरं शिखर आणि पायांकडे उतरत गेलेली सोंड. ही एका दमात ओढायला हात तयार हवा. ठाण्याहून वाशीला ट्रान्स-हार्बर लोकलने जात असाल तर डाव्या खिडकीत पारसिकची रांग दिसते. पॉकेट वहीत, न थांबता, एका रेषेत ती काढत जा. गाडी हलते, डोंगर सरकतो, खोडरबर वापरायला वेळच नसतो. ऐरोली ते तुर्भे एवढ्यात पंधरा-वीस रेषा होतात. शाईच्या कामाला लागणारी बेफिकिरी मला कोणत्याही क्लासपेक्षा या गाडीने जास्त शिकवली.

बसायचं कुठे

आठ ते दहा फूट लांब. साडेपाच फुटांचं शरीर याहून जवळून पाहिलं की डोकं आणि पाय एका नजरेत मावत नाहीत, मग मान फिरवत काढावं लागतं आणि तुकडे जुळत नाहीत. आमच्या हॉलमध्ये एवढी जागा नाही, म्हणून मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाट टाकून बसते. पाटावर बसल्याने डोळे खाली येतात आणि शरीर कडेने, डोंगरासारखं दिसतं. खुर्चीतून किंवा उभ्याने पाहिलं की चित्रात जवळचं-लांबचंही दाखवावं लागतं. ते पुढे कधीतरी.

बाजू कोणती, याला एक व्यावहारिक कारण आहे. डाव्या कुशीवरचा माणूस समोरून पाहिला तर त्याचं डोकं आपल्या उजव्या हाताला येतं. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात महापरिनिर्वाणाचा सुमारे ७ मीटर लांबीचा बुद्ध आहे, तो उजव्या कुशीवर आहे, म्हणून त्याचं डोकं बघणाऱ्याच्या डावीकडे. उजव्या हाताने काढणाऱ्याला डावीकडून उजवीकडे गेलेलं बरं, नाहीतर ओल्या शाईवरून तळहात फिरतो. वामकुक्षीत डोकं डावीकडे हवं असेल तर माणसाच्या पाठीमागे बसा. पहिली दहा चित्रं पाठमोरीच काढा असं मी सांगेन. चेहऱ्याची कटकट नाही, 'मी असा दिसतो?' हा प्रश्न नाही, आणि मानेपासून कमरेपर्यंत कण्याची घळ पूर्ण दिसते. एक लक्षात ठेवा, गुडघे पुढे दुमडलेले असतील तर पाठीकडून मांडी अगदी आखूड दिसते आणि लगेच तळवे दिसतात. मन सांगतं मांडी लांब असते. मनाचं ऐकायचं नाही.

उजेड एका बाजूने हवा. गॅलरीचा दरवाजा उघडा, ट्यूबलाइट बंद.

आता चित्र

गरम होण्यासाठी पातळ शाईत ब्रश बुडवून एक-एक मिनिटाची आठ-दहा चित्रं एकाच कागदावर काढा. मग एक नवा कागद, आडवा.

आधी पाच ठिपके, अगदी फिक्या पाण्याने: डोक्याचं टोक, खांद्याचं शिखर, कमरेची खिंड, कुल्ह्याचं शिखर, तळव्यांचं टोक. दोन्ही टोकांना तीन-चार बोटं समास सोडा. शाईत सर्वांत जास्त वेळा घडणारा अपघात म्हणजे पाय कागदाबाहेर जाणं, आणि तो या ठिपक्यांनी टळतो. अंतरं मोजायला ब्रशची दांडी, हात ताठ, एक डोळा मिटून. डोक्याच्या किती पट खांदा ते कुल्हा आहे, एवढंच बघा. पुस्तकात उंची 'साडेसात डोकी' सांगतात, ती उभ्या माणसाची असते. पाय दुमडलेल्या माणसाला ती लावू नका.

मग जमीन. माणूस नाही, जमीन. फिक्या वॉशचा एक रुंद पट्टा सतरंजीच्या जागी ओढा आणि सुकू द्या. कागदावर वजन पेलायला काहीतरी आहे, हे हाताला कळतं.

त्यानंतर वरची कड. भरलेला ब्रश घ्या, कडेवर निथळवा, मानेपासून सुरू करा आणि घोट्यापर्यंत जा. दोन-तीनदा ब्रश उचलला तरी चालेल, पण उचलायचा तो शिखरावर, खिंडीत नाही. रेष बारीक आणि चटकन. श्वासाबरोबर खांदा वर-खाली होतो. श्वास सुटलेल्या क्षणाची उंची धरा, कारण झोपेत शरीर त्या उंचीवर जास्त वेळ असतं.

आता खालची कड, आणि इथे घाई करू नका. ही कड सलग नसतेच. खांदा जिथे सतरंजीत दाबला गेलाय तिथे ब्रश दाबा, रेष बोटभर जाड होऊ द्या. कमरेपाशी आलात की उचला. तिथे पोकळी आहे, रेष नको. कुल्ह्याला पुन्हा दाबा. गुडघ्याला थोडं, घोट्याला ठिपकाभर. टेकलेल्या जागी उजेड आत शिरू शकत नाही, म्हणून तिथली सावली सगळ्यात काळी आणि कडेला धारदार असते. शरीर जमिनीपासून उचललं गेलं की तीच सावली सुटी होते, पसरते, फिकी होते. एवढा एक फरक दाखवला की माणूस जमिनीवर येतो. खरंच, बाकी काही न काढताही.

मग आतलं. मोजकंच. कण्याची घळ, खांद्याच्या पात्याची एक कड, बनियनचा पट्टा. चुण्या काढायच्या तर जिथून ओढ सुरू होते तिथून काढा, म्हणजे कुल्ह्यापासून आणि वरच्या खांद्यापासून. मधेच हवेत सुरू होणारी चुणी खोटी दिसते. उशी विसरू नका. डोकं उशीवर ठेवलेलं नसतं, उशीत गेलेलं असतं.

ब्रिटिश म्युझियममध्ये रेम्ब्रांटचं सुमारे १६५४ चं एक चित्र आहे, झोपलेल्या तरुणीचं, हातावर डोकं टेकलेलं. जेमतेम २५ बाय २० सेंटिमीटर. ब्रश, तपकिरी शाई, आणि मोजता येतील इतके फटकारे. गाऊनचे काही फटकारे अर्धवट कोरडे आहेत. त्याची प्रत इंटरनेटवर मोठी करून बघा आणि तिथल्या तिथे बोटाने हवेत गिरवा. कोणता फटकारा दाबून आलाय आणि कोणता नुसता घासून, ते हाताला समजतं.

पंखा, पाऊस आणि वॉश

तीन वाट्या घ्या. पहिलीत दोन चमचे पाण्याला शाईचे दोन थेंब, दुसरीत तेवढ्याच पाण्याला आठ-दहा थेंब, तिसरीत नुसती शाई. पाणी फिल्टरचं, जड पाण्यात काजळीचे कण गोळा होऊन रवाळ दिसतात. वॉश सुकल्यावर फिका पडतो, म्हणून ओला असताना जरा जास्त वाटला तरी घाबरू नका. फिकं आधी, गडद नंतर, आणि रेषा पूर्ण सुकल्याशिवाय काहीच नाही.

मे महिन्यात रेष पाच मिनिटांत सुकते. जुलैत ठाण्यातल्या दमट हवेत अर्धा तास लागतो आणि कागद स्वतःच ओल धरतो, काल न फुटणारी शाई आज फुटते. पावसाळ्यात कागद प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि लागेल तेवढाच बाहेर काढा. पंखा हा वेगळाच पेच आहे. चालू ठेवला तर वॉशची एक कड आधी सुकून डाग पडतो. बंद केला तर मॉडेल दीड मिनिटात उठून बसतं. मी बोर्डाला चारही बाजूंनी क्लिपा लावते आणि बोर्ड अशा कोनात धरते की वारा कागदाच्या पाठीवर येतो.

कूस बदलली तर

बदलणारच. चिडू नका, त्याच कागदावर वरच्या बाजूला नवं चित्र सुरू करा. बाबा साधारण वीस मिनिटांनी पुन्हा जुन्या कुशीवर येतात आणि अर्धवट राहिलेलं पुरं होतं. चुकलेली रेष पांढऱ्या रंगाने झाकू नका, झाकलेलं लगेच दिसतं. शेजारी बरोबर रेष ओढा. डोळा दोन्हींतली खरी निवडतो. मोठा थेंब पडला तर टिपकागद टेकवा, घासू नका.

पायांकडून चित्र काढायचा मोह होईल तेव्हा सावध राहा. जवळून पाहिलेले तळवे डोक्याच्या दुप्पट दिसतात आणि चित्र विनोदी होतं. इटालियन चित्रकार मांतेन्याने मिलानच्या ब्रेरा संग्रहालयातल्या मृत ख्रिस्ताच्या चित्रात पावलं मुद्दाम लहान ठेवली आहेत. तेवढी मोकळीक आपणही घ्यावी. मोबाइलच्या फोटोवरून काढत असाल तर दूर उभं राहून टू-एक्स झूमने घ्या. जवळून घेतलेला फोटो हे विनोदी माप आणखी वाढवतो.

झालेल्या चित्रामागे पेन्सिलीने तारीख, वेळ आणि कोणती कूस ते लिहा. चित्रांच्या मधे बटर पेपर घालून सपाट ठेवा, आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको. पहिल्याच पावसाळ्यात बुरशी येते.

सव्वातीनला बाबा उठतात आणि डोळे न उघडता 'चहा' म्हणतात. आधी ब्रश साबणाने धुवा, टोक जुळवा, आणि मग चहाचं आधण ठेवा. चहा उकळेपर्यंत ब्रश तसाच राहिला तर केसांत लाख सुकते आणि पुढच्या रविवारी नवा ब्रश घ्यावा लागतो.